शेवंतीला अंधार लागतो

वहिनी,

परवा तुमच्या सोसायटीने शोकसभा घेतली. पार्किंगमध्ये वीस-पंचवीस खुर्च्या, टेबलावर तुमचा फोटो आणि फोटोला स्टेशनवरून आणलेला निशिगंधाचा हार. मागे तुमच्या बागेत शेवंतीच्या पंधरा कुंड्या नुसत्या पिवळ्याधमक झालेल्या, आणि हार मात्र विकतचा. मग चेअरमनसाहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "शैलजाताई स्वतःच एका फुलासारख्या होत्या. नाजूक, कोमल."

मी बसल्या जागेवरून म्हणाले, "नव्हत्या."

सगळे वळून बघायला लागले. तुमचे दीर, म्हणजे आमचे हे, शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात दाबला. मी तो सोडवून घेतला आणि उभी राहिले. "वहिनी कोमल नव्हत्या. आणि फुलंही नसतात. ज्यांनी कधी बाग केली नाही त्यांनाच ती तशी वाटतात." एवढं बोलून खाली बसले. जुईने मान खाली घातली. मला वाटलं, आईच्या शोकसभेत काकूने तमाशा केला म्हणून पोरगी ओशाळली. नीट बघितलं तर ती हसत होती, आणि रडतही होती.

खोटं नाही बोलले मी. तुम्हीच शिकवलंत ना मला हे? तुमच्या बाळकुमच्या तळमजल्यामागची ती जमिनीची पट्टी, जेमतेम दोन माणसं शेजारी-शेजारी उभी राहतील एवढी रुंद. एका अंगाला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या अंगाला सगळ्या मजल्यांचे पाण्याचे पाइप. त्या पाइपांच्या सांध्यात, जिथे चिमूटभरही माती नाही, तिथे सदाफुली उगवायची. मी म्हटलं होतं, बिचारी कुठे जाऊन रुजली बघा. तुम्ही म्हणालात, "बिचारी कशाने? गुरं तिला तोंड लावत नाहीत, पाणी नसलं तरी ती मरत नाही, आणि बाराही महिने फुलते. बिचारी तू. तुझ्या गॅलरीत तुळस जगत नाही."

बोगनवेलीला मी लाडाने दोन बादल्या पाणी घातलं तेव्हा तर तुम्ही माझ्या हातातून बादलीच ओढून घेतलीत. "तिला पाजशील तेवढी ती नुसती पानं काढत बसेल. तहान लागली की फुलते ती." आणि मग एक गुलाबी झुबका तोडून त्याच्या मधली ती तांदळाएवढी पांढरी नळी दाखवलीत. खरं फूल ते. भोवतालचं सगळं गुलाबी म्हणजे रंगलेली पानं. पन्नाशीला आलेली मी बाई, गणिताच्या शिकवण्या घेऊन डोंबिवलीतल्या अर्ध्या मुलांना पास करणारी, आणि जन्मभर पानांनाच फूल समजत आलेली. तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतात. परीक्षानळ्या धुतल्या आणि मुलांना बेडूक दाखवले एवढंच, असं तुम्ही म्हणायचात. पण शिकवण्याची खोड तुमच्या हाडातच होती.

वहिनी, तुम्ही गेल्यापासून लोक मला तुमच्याबद्दल गोड गोड सांगतायत. मी ऐकून घेत नाही. मला तुम्ही तशाच हव्यात जशा होतात. आणि मग मलाही मी जशी होते तशीच सांगायला हवी.

भाऊजी गेले तेव्हा तुम्ही एकोणचाळीस वर्षांच्या होतात आणि जुई सात वर्षांची. कोलशेतच्या कंपनीत दुपारच्या पाळीला गेलेला माणूस परत आलाच नाही, छातीत कळ आली आणि संपलं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे डोंबिवलीत असायच्या. वर्षभर घरात सण नव्हता. ते वर्ष सरलं आणि पुढच्या संक्रांतीला आई म्हणाल्या, यंदा हळदीकुंकू कर. मी यादी केली. तुमचं नाव लिहायला घेतलं तर त्या म्हणाल्या, "शैलाला नको." मी म्हणाले, बरं. एवढंच म्हणाले. त्या 'बरं'ला आता वीस वर्षांहून जास्त झाली आणि तो अजून माझ्या घशात आहे.

तुम्ही आलात. न बोलावता. दार उघडंच होतं, बायका सतरंजीवर बसलेल्या. निळी साडी, हातात शेवंतीने भरलेली परडी आणि अंबाड्यावर अबोलीची वेणी. कुडाळकडची तुम्ही, अबोलीची वेणी विणावी तर तुम्हीच, एक फूल इकडे-तिकडे नाही. आई म्हणाल्या, "शैला, आत जाऊन बस. चहा घे."

"मी इथेच बसते, आई. चहा इथे आणला तरी चालेल."

आणि तुम्ही सतरंजीच्या टोकाला बसलात. मी कुंकवाची कोयरी घेऊन ओळीने निघाले होते. एकेकीला हळद, कुंकू, तिळगूळ. तुमच्यापाशी आले. तुम्ही वर बघितलंत. आई माझ्याकडे बघत होत्या, बायका आईंकडे बघत होत्या. माझं बोट कुंकवात होतं. मी ते तसंच घेऊन पुढच्या बाईकडे सरकले.

तुमच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तुम्ही परडी पुढे केलीत. "माधुरी, सगळ्यांना एकेक फूल दे. सकाळी खुडलीत, ताजी आहेत." मी दिली. तुमच्या बागेतली फुलं मी सगळ्यांना वाटली, आणि तुम्हाला चिमूटभर कुंकू दिलं नाही.

त्यानंतर आईंनी एकदाच तुम्हाला विचारलं होतं. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकलं. त्या म्हणाल्या, लोक काय म्हणतात याचं तुला काही वाटत नाही का गं? तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "आई, मी सहावीत होते तेव्हापासून वेणी माळून शाळेत जायचे. तेव्हा कुठे होते हे? फुलं काही मला लग्नात मिळाली नव्हती. मग ह्यांच्याबरोबर ती जातील कशी?" मी आतच राहिले, हातातलं भांडं उगाच पुन्हा पुन्हा घासत.

तुम्ही कुठल्या चळवळीत नव्हतात. कधी भाषण केलं नाहीत, कुणा बाईला 'तूही माळ' म्हणून सांगितलं नाहीत. रोज सकाळी अबोली खुडायची, चहा होईपर्यंत वेणी करायची, माळायची आणि शाळेत जायचं. मी एकदा विचारलं, अबोलीच का? तिला तर वासही नाही. तर म्हणालात, "मोगऱ्याची मिजास दुपारपर्यंत. जास्वंद एका दिवसाची. अबोली तीन दिवस मान टाकत नाही. नोकरी करणाऱ्या बाईला असलंच फूल बरं." बावीस वर्षं, वहिनी. आजारी असतानाही. हट्ट म्हणा, शिस्त म्हणा.

आई गेल्यावर मी रविवारी बाळकुमला यायला लागले. आधी जुईला गणित शिकवायच्या निमित्ताने, मग निमित्तही सुटलं. तुम्ही दार उघडायचात आणि 'ये' म्हणायच्या आधी हातात खुरपं द्यायचात. मी किती वेळा सुरुवात केली असेल! "वहिनी, त्या संक्रांतीला..." की तुम्ही लगेच, "झेंडूचे शेंडे खुडलेस का? शेंडा मोडल्याशिवाय त्याला फांद्या फुटत नाहीत." किंवा, "सुकलेली फुलं काढ आधी ती. नाहीतर झाड बी धरायला लागेल आणि फुलायचं थांबेल." एकदा मी तेरड्याची पिकली बोंडं धरून अगदी ठरवून बोलायला लागले, तर तुम्ही माझं बोट धरून बोंडावर दाबलंत. ते फटकन फुटलं, बिया माझ्या तोंडावर उडाल्या, आणि तुम्ही इतक्या हसलात की विषयच गेला.

मला त्याचा राग आहे. स्पष्ट सांगते. तुम्ही मला माफी मागू दिली नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, आता कशाला उगाळायचं. पण मला उगाळायचं होतं! ज्याने चूक केली त्याचाही काही हक्क असतो की नाही?

आणि मग तो दिवा लागला.

चार वर्षं झाली. सोसायटीने मागच्या भिंतीवर मोठा फोकस बसवला. संध्याकाळी लागला की सकाळपर्यंत तुमच्या पट्टीवर भर दुपारसारखा उजेड. त्या वर्षी नोव्हेंबर उलटला तरी शेवंतीला कळी नाही. पानं हिरवीगार, झाडं दणकट, पण कळी म्हणून नाही. तुम्ही खत बदललंत, माती बदललीत. मग एका संध्याकाळी कुंड्यांपाशी उभ्या राहून वर बघितलंत आणि कपाळावर हात मारलात.

सोसायटीच्या मीटिंगला मी तुमच्याबरोबर आले होते, आठवतं? पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर तुम्ही उठलात.

"मागच्या दिव्याचं तोंड रस्त्याकडे वळवा."

"मॅडम, तो सिक्युरिटीसाठी आहे," चेअरमन म्हणाले.

"दिवा काढा नाही म्हणत मी. वळवा म्हणते. शेवंतीला अंधार लागतो."

"फुलांना अंधार?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तुम्ही हशा संपेपर्यंत थांबलात. "हो. रात्र मोठी झाली हे तिला कळावं लागतं, तेव्हाच ती कळी धरते. तुमच्या दिव्यामुळे तिला अजून जून महिनाच वाटतोय."

परत हसले सगळे. ठराव वगैरे काही झाला नाही. तुम्ही घरी आलात, जुन्या काळ्या पडद्यांचं कापड काढलंत आणि शिवायला बसलात. बांबूच्या काठ्या, त्यावर काळ्या कापडाचे तंबू. रोज संध्याकाळी सहाला शेवंतीवर घालायचे, सकाळी आठला काढायचे. एकही दिवस चुकवायचा नाही. कळीला रंग दिसेपर्यंत. वॉचमन विचारायचा, मॅडम, अंदर क्या है? तुम्ही सांगायचात, "रात है."

त्या वर्षी उशिरा, पण शेवंती फुलली. चेअरमनसाहेबांच्या मिसेस पूजेसाठी फुलं मागायला आल्या. तुम्ही परडी भरून दिलीत आणि म्हणालात, "साहेबांना सांगा, ही चोरून फुलवलेली आहेत." आणि हाच माणूस परवा तुम्हाला कोमल म्हणतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात तुमच्या मानेला गाठ आली. तपासण्या, मग मुंबईच्या हॉस्पिटलातल्या फेऱ्या, मग सलाइनमधून औषधं. पहिल्याच दिवशी तुम्ही नर्सला बाटलीवरचं नाव वाचून दाखवायला लावलंत. जुईने फोनवर शोधलं, आणि तुम्ही पलंगावर उठून बसलात. त्यातलं एक औषध मुळात सदाफुलीतून काढलेलं. आपल्या पाइपाच्या सांध्यातल्या! वॉर्डातल्या सगळ्या बायकांना तुम्ही ते सांगितलंत. समोरच्या पलंगावरच्या बाईंनी लगेच विचारलं, मग पानंच चावून खाल्ली तर? त्यांना कुणीतरी मोबाइलवर तसं पाठवलंही होतं. तुम्ही एकदम कडक झालात. "अजिबात नाही. कच्चं पान विष आहे. त्यातला नेमका कण काढायला माणसांनी आयुष्यं घातलीत. झाडावर विश्वास ठेवा, पण डॉक्टरला विचारून." त्या बाईंनी ती पानं, जी खरंच रुमालात बांधून आणली होती, नर्सच्या हातात दिली.

केस गेले. डोक्याला तुम्ही सुती रुमाल बांधायला लागलात आणि त्या रुमालाच्या गाठीत अबोली खोचायला लागलात. डॉक्टर म्हणाले, इथे फुलं नकोत, जंतुसंसर्ग होतो. ते तुम्ही मुकाट्याने ऐकलंत. हॉस्पिटलात नाही, घरी माळीन, म्हणालात. जिथे कारण खरं असेल तिथे तुम्ही कधी अडून बसला नाहीत.

मग ऑक्टोबर आला. तुम्ही हॉस्पिटलात, जुई तुमच्यापाशी, आणि शेवंतीवर अंधार घालायचं काम माझ्याकडे. रोज साडेचारला तुमचा फोन. "निघालीस का?" डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून बाळकुमची रिक्षा. झाकून तिथेच झोपायचं, सकाळी आठला कापड काढून घरी यायचं, दहाला शिकवणी. मुलांच्या सहामाही परीक्षा आल्या आणि मी दोन दिवस गेले नाही. लपवलं तुमच्यापासून. तिसऱ्या दिवशी तुम्ही वॉचमनला फोन केलात, आणि मग मला.

"दोन रात्री उजेड पडला तिच्यावर. कळी धरायची वेळ होती. तुला एवढंसं काम सांगितलं होतं."

मी दमले होते. घाबरले होते. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी जुईला काय सांगितलं होतं ते मला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत नाही असं मला वाटत होतं. मी ओरडले. "वहिनी, तुम्ही मरायला टेकलाय आणि तुम्हाला शेवंतीचं पडलंय!"

बोलले आणि माझंच तोंड माझ्या हाताने दाबलं. पलीकडे वॉर्डातली कसलीशी घंटी वाजलेली ऐकू आली. मग तुम्ही, अगदी साध्या आवाजात, चौकशी केल्यासारखं विचारलंत, "मग कशाचं पडायला हवं?"

मी चप्पल घातली आणि निघाले. त्यानंतर एकही संध्याकाळ चुकवली नाही. शेवंती पंधरा दिवस उशिरा फुलली, तुम्ही घरी आलात तेव्हा भरात होती, आणि तुम्ही कुंड्यांकडे बघून एवढंच म्हणालात, "बघ, तिनं मनात ठेवलं नाही."

मी त्याच क्षणी म्हणाले, "आणि तुम्ही? त्या संक्रांतीचं?"

"कुठल्या संक्रांतीचं?" तुम्ही म्हणालात.

खोटारड्या! तुम्हाला आठवत होतं. तुमच्या डोळ्यांत दिसलं मला.

तर आता ऐका. आता तुम्ही मला खुरपं देऊ शकत नाही आणि विषय बदलू शकत नाही. त्या दिवशी माझं बोट कुंकवात होतं आणि मी तुम्हाला ओलांडून पुढे गेले. मी भ्याले. मला आईंची भीती नव्हती एवढी, बायकांची होती. माझं चुकलं. झालं, बोलले. तुम्ही ऐका किंवा ऐकू नका.

ह्या वर्षी आजार परत आला तेव्हा तुम्हीच म्हणालात की आता सलाइन नको. ऑक्टोबरपासून तुम्ही खिडकीशी पलंगावर, आणि मी बाहेर काळी कापडं घालतेय. तुम्ही आतून ओरडायचात, डावीकडून उजेड शिरतोय, दगड ठेव. पहिली कळी उमलली ती मी खिडकीच्या गजातून तुमच्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, जुईने चमच्याने दिलेलं पाणी तुमच्या ओठातून बाहेर आलं आणि तुम्ही गेलात.

आता ते सांगते जे तुम्ही बघितलं नाहीत.

दुपारी तुम्हाला आंघोळ घालून हॉलमध्ये ठेवलं. कोलशेतहून आत्या आल्या होत्या. ह्यांच्या आत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, घरातलं सगळ्यात वडील माणूस, आणि एकोणतिसाव्या वर्षापासून विधवा. कसं काय करायचं ते खुर्चीवर बसून त्याच सांगत होत्या. मी मागे जाऊन अबोली खुडली. वेणी मला तुमच्यासारखी येत नाही, वेडीवाकडीच झाली. ती घेऊन आत आले तर आत्या म्हणाल्या, "हार घातलाय ना? पुरे. वेणी सवाष्णीला."

"आत्या, वहिनी रोज माळायच्या."

"जिवंतपणी केलं ते तिनं तिच्या मनानं केलं. आता तिला देवाकडे जायचंय."

"मग देवाला बघू दे की."

दारातून हे म्हणाले, "माधुरी, आत्ता कशाला वाद?" मी म्हटलं, "आत्ता नाही तर कधी? एकदा गप्प बसलेय मी, पुरे झालं तेवढं." त्यांना काही कळलं नाही. पण त्यांनी तोंड मिटलं आणि बाहेर उभे असलेल्यांना, जरा थांबा, असं सांगायला गेले. ते मी त्यांच्या बाजूने धरते.

वेणी अडकवायची कशात? तुमचे केस बोटाच्या पेराएवढे. जुई पुढे आली, तिने तुमचं डोकं उचलून धरलं. मी वेणीचा दोरा वाढवला, कानामागून घेतला आणि मानेखाली गाठ मारली. मग हळदीकुंकवाची कोयरी घेतली. बोट कुंकवात बुडवलं. ह्या वेळी सरकले नाही. आत्यांनी तोंड फिरवून घेतलं, दोन बायका उठून बाहेर गेल्या. जाऊ दे. तुम्ही छान दिसत होतात. फार उग्र, आणि छान.

तेराव्यालाही आत्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी वाढलेलं पान त्यांनी जुईकडून मागून घेतलं. मलाही समजूत काढायची नव्हती.

आणि काल सकाळी त्यांचा फोन आला.

"माधुरी, त्या दिवशी तू केलंस ते मला पटलेलं नाही."

"माहितीये, आत्या."

"चार बायकांसमोर उलट बोललीस."

"हो, बोलले."

मग, "ती अबोली शैलाच्या दारचीच ना?"

"हो."

"आमच्याकडे विहिरीच्या कठड्याला होती. पाणी घालायचं काम माझं. तिची सुकी बोंडं आम्ही पाण्यात टाकायचो, की ती चटाचट फुटायची. थोरली बहीण आणि मी." मग म्हणाल्या, "मी गेले की तू असशीलच तिथे."

मला कळायला वेळ लागला नाही. मी म्हटलं, "गेल्यावर कशाला? उद्या येते घेऊन."

"उद्या एकादशी आहे."

"मग आजच येते."

त्यांनी नको म्हटलं नाही. फोन ठेवून दिला.

दुपारी बाळकुमला जाऊन फुलं खुडली, पायरीवर बसून गजरा केला आणि कोलशेतला गेले. घरात त्या एकट्याच होत्या, मुलगा-सून कामावर. डोकं धुऊन, केस विंचरून तयार बसल्या होत्या. तोंडाने मात्र, "अगं, आता केस तरी कुठे राहिलेत? बसणार कशात?"

"वहिनींना तर नव्हतेच. बसवला ना?"

सुपारीएवढी गाठ होती मागे. मी गजरा दुमडून दोन पिनांनी बसवला. पंचावन्न वर्षांनी, वहिनी. त्यांची मान माझ्या हाताखाली ताठ, जशी परीक्षेला बसलेल्या पोरीची असते. आरसा आणू का विचारलं, तर म्हणाल्या, काही नको. आणि लगेच, "त्या दिवशी तुझं चुकलंच."

"बरं."

"मी मरेपर्यंत हेच म्हणणार."

"म्हणा, आत्या."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. बाहेरून शेजारणीचा आवाज, आणि तिच्याबरोबर आणखी कुणीतरी. आत्यांचा हात झटकन डोक्याकडे गेला. मी उभीच राहिले. मला वाटलं, आता काढणार. काढला असता तर मी काही बोलले नसते.

त्यांनी बोटांनी गजरा चाचपला, इकडून तिकडे.

"ढिला बसलाय गं," आत्या म्हणाल्या. "अजून एक पिन लाव. मग दार उघड."